ॲव्हरेजमधलं पाणी

नव्या गाडीला हार घालून झाला, चाकाखालची लिंबं चिरडली गेली, पेढ्यांचा बॉक्स फिरला, की पेढा तोंडात असतानाच शेजारी पहिला प्रश्न विचारतो. तो रंगाचा नसतो, किमतीचाही नसतो. ‘किती देते?’ एवढाच असतो. हे ‘देते’ आपण गोठ्यातून थेट पार्किंगमध्ये आणलेलं आहे. म्हैस किती देते, गाडी किती देते. आणि दोन्हीकडे उत्तरात थोडं पाणी असतंच. बारा लिटरची म्हैस बाजारात चौदा देते, चौदाची गाडी कट्ट्यावर अठरा देते. याला कोणी भेसळ म्हणत नाही. मुलाचे मार्क आणि मुलीच्या सासरची शेती सांगताना जेवढं घालायचं असतं तेवढंच ॲव्हरेजमध्येही घालायचं, ही रीत आहे.

आमच्या दाजींनी मात्र ॲव्हरेजमध्ये खरोखरचं पाणी घातलं. बॅटरीचं, डिस्टिल्ड, पाच लिटरच्या कॅनमधलं.

दाजींकडे वळण्याआधी त्यांची परंपरा सांगायला हवी, कारण हा माणूस काही आभाळातून पडलेला नाही. आमच्या लहानपणी घरात चेतक होती. ती रिझर्व्हला आली की वडील पंप शोधायच्या ऐवजी आणखी चार कामं काढायचे. रिझर्व्हही संपलं की भर रस्त्यात तिला आडवी करायची, दोन मिनिटं तसंच निजू द्यायचं, मग उभी करून किक मारायची. स्कूटर खरंच सुरू व्हायची आणि वडिलांच्या चेहऱ्यावर सरकारला फसवल्याचं समाधान दिसायचं. एक काका टाकीत डांबरगोळ्या टाकायचे. त्यांच्या गाडीच्या धुराला हिवाळ्यातल्या स्वेटरचा वास येई. ऑफिसातले एक साहेब पहाटे साडेपाचला पेट्रोल भरायचे, कारण थंडीत पेट्रोल आकसतं आणि लिटरमागे जास्त येतं. आकसतं हे खरंच. फक्त पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिला पहाट झालेली कळत नाही. पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधणारे होते. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडणारे तर अजून आहेत. ब्रेकला लागणारी मदतही त्याच इंजिनाकडून येते, हे त्यांना बहुधा खालच्या वळणावर कळतं.

दाजी या सगळ्यातून गेलेले. साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचं उद्यमनगर थाटलं. गाडी मारुती आठशे, म्हातारी पण ठणठणीत. बोलताना ती वीस द्यायची. एका दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा दाजींनी दारातच मला बाजूला घेतलं.

“पाव्हणं, चोवीस.”

“काय चोवीस?”

“देतीया.” आणि आवाज खाली आणून, “पाण्यावर.”

बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारी, जिथे चांगल्या घरातला माणूस काहीही ठेवणार नाही तिथे, लोणच्याची बरणी बसवली होती. ताईच्या हातच्या कैरीच्या लोणच्याची, लाल झाकणाची, दोन किलोची. झाकणातून दोन वायरी आत, एक प्लास्टिकची नळी बाहेर. नळी आधी एका सरबताच्या बाटलीत जात होती आणि तिथून एअर फिल्टरच्या पुढे इंजिनाच्या घशात. बरणीत पाणी आणि पाण्यात स्टीलच्या पट्ट्या, एकीला प्लस, एकीला मायनस.

“बॅटरीचा करंट सोडला की पाण्याचं होतंय हायड्रोजन आणि ऑक्सिजन. ते जातंय इंजिनात. शाळंत शिकलाईस की न्हाई? उज्जवायू आणि प्राणवायू!”

‘उज्ज’ हा शब्द मी चाळीस वर्षांनी ऐकला. आमच्या आधीच्या पिढीच्या रसायनशास्त्रात हायड्रोजनला उज्ज म्हणत, नायट्रोजनला नत्र, कार्बनला कर्ब. नत्र आणि कर्ब शेतीच्या सल्ल्यात टिकले, उज्ज बिचारा पुस्तकातच विरून गेला. दाजींनी त्याला बरणीत पुन्हा जिवंत केला होता.

त्या बरणीचा पूर्वेतिहास ताईने स्वयंपाकघरात सांगितला. पहिल्या प्रयोगात दाजींनी पाण्यात मीठ टाकलं. नुसत्या शुद्ध पाण्यातून वीज नीट जात नाही, काहीतरी विरघळवावं लागतं, एवढं त्यांना व्हिडिओ बघून कळलं होतं. पण मिठाच्या पाण्यात वीज सोडली की उज्जाबरोबर क्लोरीनही निघतो, हे कळायचं राहिलं. शेडमध्ये टीसीएल पावडरचा वास भरला. ताईला वाटलं पाणीपुरवठ्याच्या माणसाने डोस चढवला. तिने दोन घागरी ओतून दिल्या आणि तिसऱ्या दिवशी नळाला पाणी येईपर्यंत घरात अबोला होता. दुसऱ्या प्रयोगात खायचा सोडा, म्हणजे ढोकळ्याचा. त्याने बुडबुडे आले, पण बेताचे. तिसऱ्यात कॉस्टिक सोडा, हार्डवेअरच्या दुकानातला. तो पँटवर सांडला. ती पँट अजून आहे. तिच्यातून आरपार दिसतं.

पट्ट्यांचा इतिहास मला स्वतःलाच बघायला मिळाला. बरणीत वाकून पाहिलं तर मधल्या पट्टीवर अक्षरं दिसली. ताईच्या लग्नात मी स्टीलच्या सहा ताटल्या दिल्या होत्या, रीतीप्रमाणे नाव घालून. ‘सप्रेम भेट’ असं त्यावर मशीनने कोरलेलं होतं. दाजींनी त्या कातरल्या होत्या. आणि प्लसला जोडलेलं स्टील, ते कितीही स्टेनलेस म्हणवून घेत असलं, तरी हळूहळू झिजतंच. पाणी चहासारखं तपकिरी झालं होतं, आणि ‘सप्रेम’ विरघळून गेलं होतं. ‘भेट’ तेवढी शिल्लक होती.

(हे तपकिरी पाणी गंमत म्हणून सोडून देण्यासारखं नाही. स्टीलमधलं क्रोमियम त्यात उतरतं आणि त्याचा एक प्रकार चांगलाच विषारी असतो. ती बरणी पुन्हा लोणच्याला वापरायची नाही, हे मी ताईला तीनदा बजावलं. ती म्हणाली, “तुला काय वाटलं, मी परत घेणार होते?”)

संध्याकाळी गल्लीसाठी खास प्रयोग झाला. भांडी घासायच्या परातीत साबणाचं पाणी, त्यात नळीचं टोक. पांढराशुभ्र फेस वर आला. दाजींनी सगळ्यांना चार पावलं मागे सरकवलं, लांब उदबत्तीला काडी लावली आणि ती फेसाला टेकवली. फाट्! असा आवाज झाला की समोरच्या घरातला कुत्रा रात्री जेवायला आला नाही. पोरं नाचायला लागली. एक आजोबा म्हणाले, “पाणी पेटलं!” आणि त्यांनी नकळत हात जोडले.

पेटलं होतं, यात शंका नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेमक्या ज्या प्रमाणात पाण्यातून सुटतात त्याच प्रमाणात एकत्र असले, तर ठिणगी पडताच त्यांचा स्फोट होतो. म्हणून ती सरबताची बाटली मधे लागते, इंजिनातली आग उलटी फिरली तर पाण्यात विझावी म्हणून. एवढ्या धोक्याच्या वायूचा एवढासा साठा आणि त्याच्या एका टोकाला लोणच्याची बरणी, दुसऱ्या टोकाला चार सिलिंडरांची नव्हे, तीनच सिलिंडरांची आठशे. फाट् आवाजाचा परिणाम मात्र विलक्षण होतो. डोळ्यांनी आग पाहिल्यावर माणूस हिशेब मागत नाही.

हिशेब मागायला घरात एकच व्यक्ती होती. माझी भाची. केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पण ती तोंड उघडायच्या आधी दाजींनी हुकमाचा एक्का टाकला.

“गडकरीसाहेब संसदेत कशावर गेले? सांग की. हायड्रोजनवर!”

हेही खरं. 30 मार्च 2022 रोजी नितीन गडकरी टोयोटाच्या मिराई गाडीतून संसदेत गेले आणि त्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक बरणीवाल्याला राजाश्रय मिळाला. फरक एवढाच की त्या गाडीत हायड्रोजन बाहेरून भरून आणलेला असतो, वातावरणाच्या सातशे पट दाबाने टाकीत कोंबलेला. गाडी तो जाळत नाही, त्याची वीज करते आणि मागे पाणी सोडते. दाजींची गाडी पाण्यापासून सुरुवात करते. म्हणजे मिराई जिथे पोचून थांबते, तिथून दाजी निघतात.

भाची म्हणाली, “बाबा, पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. राख आहे ती. चुलीतल्या राखेचं परत लाकूड करायचं तर जेवढी आग मिळाली तेवढी सगळी आधी परत द्यावी लागेल, वर घट.”

“राख कशी? राख पिता येतीया व्हय?”

या युक्तिवादाला विज्ञानाकडे उत्तर नाही. हायड्रोजनचं नावच मुळी ‘पाणी करणारा’ अशा अर्थाचं आहे. फ्रान्सच्या लाव्हाझिएने 1780 च्या दशकात ते दाखवून दिलं. पण लाव्हाझिएला काही झालं तरी कोल्हापूर–सांगली रोडवर गाडी चालवायची नव्हती.

मग लग्नपत्रिका आली. कोणाची ते आठवत नाही, पाठीमागे कोरी होती एवढं खरं. भाचीने पेन काढलं. दाजींनी डॅशबोर्डवर अँपिअरचा काटा बसवला होता, तो दहा दाखवायचा. दहा अँपिअरने एका बरणीत मिनिटाला किती वायू सुटणार हे मायकेल फॅरेडेने 1834 सालीच ठरवून ठेवलेलं आहे, त्यात व्हिडिओ करणाऱ्याला वाढवावाढव करता येत नाही. शंभर मिलिलीटरच्या किंचित वर. आठशेचं इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर पूर्ण श्वास घेतं तेव्हा मिनिटाला हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. पाय अर्धाच दाबला तर समजा चारशे लिटर. चारशे लिटरमध्ये शंभर मिलिलीटर. दर्यात खसखस.

“खसखस कमी असली तरी हलव्याला चव येतीच की,” दाजी म्हणाले.

“येऊ दे. पण खसखशीची किंमत बघा.” पत्रिकेवर वर-वधूंच्या नावांच्या बरोबर मागे आकडे वाढत गेले. दहा अँपिअर आणि चौदा व्होल्ट, म्हणजे 140 वॅट बरणीत जातात. त्यातून जो वायू निघतो तो जाळला तर मिळतात जेमतेम साडेबारा वॅट. बाकीचे पाणी तापवण्यात जातात. आणि ते 140 वॅट काही बॅटरीच्या माहेरून येत नाहीत. ते अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला पट्टा फिरवतो, पट्ट्याला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. अल्टरनेटर निम्म्याच्या थोडं वर परत देणारा, इंजिन पेट्रोलच्या उष्णतेतलं पाव कामाला लावणारं. सगळा भागाकार करून तासाला शंभर मिलिलीटरच्या वर पेट्रोल जातं. चहाचा एक कप. आणि तासाभरात बरणीतून जो वायू येतो त्याची ताकद दीड मिलिलीटर पेट्रोलाएवढीसुद्धा नाही. चमचा पुरता भरत नाही.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण रचणाऱ्याने फक्त तिप्पट मसाला गृहीत धरला होता. भाचीच्या पत्रिकेवर तो ऐंशीपट निघाला.

“आणि या बरणीने एक किलो हायड्रोजन करायचा म्हटला,” ती म्हणाली, “तर इंजिन अहोरात्र चालू ठेवून साधारण 110 दिवस लागतील.”

दाजी हरले असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही फिटर पाहिलेला नाही. ते गप्प बसले, पत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि पुढच्या महिन्यात एकाच बरणीत सहा खाने करून पट्ट्या एकामागे एक जोडल्या. हे अगदी शहाणपणाचं होतं. एका खान्याला दोन व्होल्टच पुरतात, चौदाचे चौदा देऊन नुसतं पाणी उकळायचं कारण नाही. तेवढ्याच करंटात वायू सहापट झाला. भाचीने फोनवर पुन्हा हिशेब केला. आता तासाला आठ मिलिलीटर, दोन चमच्यांना थोडं कमी. खर्च तोच, चहाचा कप.

तेव्हा दाजींनी सिद्धांतच बदलला. पाणी हे इंधन नाही म्हणाले, औषध आहे. उज्जाने पेट्रोल पुरतं जळतं. ही बोली जगभरच्या बरणीवाल्यांची आहे आणि तिच्यात सत्याचा एक अंश आहे, म्हणूनच ती मरत नाही. हायड्रोजन मिसळला तर कमी पेट्रोल आणि जास्त हवेचं मिश्रणही पेट घेतं. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत 1970 च्या दशकात याच्यावर काम झालेलं आहे. पण तिथला हायड्रोजन बरणीभर नव्हता. आणि ‘पुरतं जळतं’ म्हणावं, तर धड असलेल्या इंजिनात पेट्रोल आधीच जवळजवळ सगळं जळतं, राहिलं तर शेकडा दोन. आपला पैसा न जळलेल्या पेट्रोलात जातच नाही. तो रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून गरम होऊन जातो. दाजींना हे पटलं नाही, कारण सायलेन्सरला बरणी बसवता येत नाही.

दाजींचा एक जागतिक इतिहासही आहे. तो रात्री जेवणानंतर, बडीशेप चघळत सांगितला जातो. त्यात अमेरिकेतले स्टॅन्ली मेयर येतात. ओहायोतले हे गृहस्थ पाण्यावरची बग्गी दाखवायचे. लॉस एंजेलिसहून न्यू यॉर्कला 22 गॅलन पाण्यात जाऊ म्हणायचे. आपल्या हिशेबाने 83 लिटर. दाजींच्या कथेत पुढे तेल कंपन्या येतात, विष येतं. कथेतून जे गळतं ते असं: 1996 साली दोन गुंतवणूकदारांनी मेयरना कोर्टात खेचलं, तज्ज्ञांनी त्यांचा तो चमत्कारी सेल पाहिला आणि त्यात साधं शाळेतलं विद्युत विघटन निघालं. कोर्टाने उघड फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले, 25 हजार डॉलर. मेयर 1998 मध्ये एका हॉटेलात जेवता जेवता गेले, विष दिलं म्हणत गेले. तपासणीत मेंदूतल्या रक्तवाहिनीचा विकार निघाला.

1996 हे साल एकूणच फार पाणीदार. त्याच वर्षी तमिळनाडूच्या रामर पिल्लेंनी झाडपाल्यापासून पेट्रोल काढल्याचं जाहीर केलं आणि देशभर खळबळ उडाली. कोर्टाचा निकाल यायला 2016 उजाडलं, तीन वर्षांची शिक्षा झाली. पाकिस्तानात 2012 साली आगा वकार नावाच्या इंजिनिअरने पाण्यावरची गाडी टीव्हीवर आणली आणि ती मंत्र्यांपर्यंत पोचली. फाळणीनंतर दोन्ही देशांचं एकमत झालेल्या थोड्या गोष्टींत ही धरायला हरकत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरावर यंत्रं तपासली. फायदा झालाच तर थोड्यांचा, आणि तोही नावापुरता. हे ऐकून दाजी म्हणाले, “अमेरिकंचं पर्यावरण खातं कुठं कोल्हापुरात आलंय?”

पुढचा अडथळा गाडीनेच आणला. आठशेला सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आहे. बरणीवाल्यांचं म्हणणं असं, की बरणीतून जास्तीचा ऑक्सिजन आला की सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो, हवा जास्त झाली, पेट्रोल वाढवा. कॉम्प्युटर आज्ञाधारक, तो वाढवतो. म्हणजे दाजी पुढून उज्ज घालत होते आणि मागून कॉम्प्युटर पेट्रोल ओतत होता. यावर उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीने उपाय सुचवला, नऊशे रुपयांचा. एक काडेपेटीएवढी डबी. ती सेन्सरच्या वायरीत मधे बसवायची. सेन्सर जे सांगेल त्यात ती थोडा फेरफार करून पुढे कॉम्प्युटरला सांगते, की सगळं ठीक आहे, पेट्रोल कमीच कर.

मला ही डबी फार आवडली. इतकी वर्षं आपण ॲव्हरेज माणसांना वाढवून सांगत होतो. आता ते खुद्द गाडीलाही वाढवून सांगायचं. कट्ट्यावरच्या लोकांना जसा संशय येतो तसा कॉम्प्युटरलाही येतो, मग तो पिवळा दिवा लावतो. दाजींनी त्या दिव्यावर बिंदीचं पाकीट चिकटवलं. (गाडीत असे मूळ रचनेत नसलेले बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, बरणी काढता-घालता येते, तिला सामान म्हणतात.)

शेवटी खरी चाचणी ठरली. पुण्यात नात्यातलं लग्न होतं. दाजी गाडी घेऊन निघाले, मी आधी दोन दिवस कोल्हापुरातच होतो, मीही बसलो. मागे ताई, भाची आणि आहेराच्या पिशव्या. कोल्हापुरात पंपावर नोझल खटकन बंद पडल्यावरही दाजींनी गाडी हलवली, पुन्हा भरलं, पुन्हा हलवली, टाकीच्या तोंडाशी पेट्रोल दिसेपर्यंत. पोराला सांगितलं, “आता पुण्यात पण एवढंच भरायचं.” पोरगं म्हणालं, “तिथं मी नसतो काका.”

त्या प्रवासाचं काय सांगू. ताशी पन्नास. काटा एकावन्नला गेला तर दाजी स्वतःशीच ‘च्’ करायचे. एसी नाही, आणि काचाही बंद, कारण उघड्या काचेतून हवा शिरून गाडीला ओढते. जानेवारी होता म्हणून निभावलं. उसाच्या ट्रॉल्या आम्हाला मागे टाकून गेल्या. पेठनाक्याच्या पुढे एका ट्रॅक्टरवाल्याने शेजारून जाताना आपुलकीने विचारलं, “बंद पडली काय?” ब्रेक दाबणं दाजींना पाप वाटायचं. लांबचा सिग्नल लाल दिसला की अर्धा किलोमीटर आधीच पाय काढून घ्यायचे आणि गाडी रांगत रांगत पोचेपर्यंत तो हिरवा व्हावा म्हणून कोल्हापूरच्या अंबाबाईला साकडं घालायचे. निघण्याआधी चारही चाकांत हवा नेमकी भरली होती. एअर फिल्टर नवा टाकला होता. डिकीतला बारा वर्षांचा संसार, म्हणजे जुना टायर, जॅकचा जुळा भाऊ, सिमेंटची अर्धी गोणी, काढून ठेवला होता. ‘चाचणी शुद्ध पायजे’ म्हणून.

कराडला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडून बरणी पाहिली आणि मला हाक मारली. चेहऱ्यावर तेज होतं.

“पाव्हणं, पाणी बघ. हाय तेवढंच हाय. एक थेंब उतरला न्हाई! ही गाडी पाणीबी पीत न्हाई!”

भाचीने वाकून पाहिलं. मग वायरीवरून बोट फिरवत फ्यूजपर्यंत गेली. फ्यूजची काच काळी पडली होती. कुठे उडाला कोण जाणे, पण डॅशबोर्डवरचा अँपिअरचा काटा कागलकडे तोंड करून शून्यावर झोपला होता. आमच्यापैकी कोणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, सगळे ताशी पन्नासकडे पाहत होते. ती काही बोलली नाही. मला फ्यूज दाखवला, बोट ओठांवर ठेवलं आणि बॉनेट लावलं.

पुण्यात पोचून दाजींनी पुन्हा तोंडापर्यंत पेट्रोल भरून घेतलं. 236 किलोमीटर, 10.9 लिटर. फोनवर भागाकार झाला, 21.7. आठशेने आयुष्यात एवढं कधी दिलं नव्हतं. दाजी पैसे द्यायला गेले तेव्हा मी कागद शोधायला ग्लोव्ह बॉक्स उघडला आणि हाताला त्यांची डायरी लागली. कारखान्याची, निळ्या रेक्झिनची. बॉयलरवरच्या माणसाला नोंदी ठेवायची सवय असतेच. तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज, सुबक अक्षरात. बरणीच्या आधीचे महिने: 17.9, 17.6, 17.8. मग लाल शाईत ‘किट बसवले’. त्याखाली 17.2, 17.0, 17.1. ‘सहा खाने’, 17.3. ‘डबी बसवली’, 16.8. एकाही ओळीत चोवीस नव्हते, वीससुद्धा नव्हते. पानांच्या मधे ती लग्नपत्रिका नीट घडी करून ठेवलेली होती.

मी डायरी जागच्या जागी ठेवली. ताई मागून म्हणाली, “वाचलीस?” मी मान हलवली. ती म्हणाली, “लोणच्याला दुसरी बरणी आणलीय मी. काचेची. ह्यांना सांगू नकोस.”

एवढ्यात पंपावरच्या दोन पोरांनी दाजींना घेरलं होतं. हवा तपासताना त्यांनी उघड्या बॉनेटखाली बरणी पाहिली होती. मागे थांबलेला एक रिक्षावालाही उतरून आला. दाजी नळीवर बोट ठेवून उज्ज कुठून कुठे जातो ते समजावत होते, आवाज चढत चढत साबणाच्या फेसापर्यंत पोचला होता.

“पण काका, देते किती?” रिक्षावाल्याने विचारलं.

दाजी क्षणभर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ग्लोव्ह बॉक्सकडे पाहिलं.

“चोवीस,” ते म्हणाले. मग माझ्याकडे हात करून, “हे पाव्हणं बसून आलेत कोल्हापुरापास्नं. इचारा त्यांस्नी.”

तिघेही माझ्याकडे वळले.

“घाट नसेल तर पंचवीस,” मी म्हणालो.